मोहम्मद मकिया : मिनाराभोवती मस्जिद बांधणारा वास्तुकार

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आखातातून आलेला एखादा फोटो जपून ठेवलेला असतो. कामानिमित्त तिकडे गेलेला मुलगा, जावई किंवा भाऊ जुम्याच्या कपड्यांत उभा असतो आणि त्याच्या पाठीमागे मस्कतची सुलतान काबूस मस्जिद किंवा कुवेतची मोठी मस्जिद दिसते. घरातली मंडळी फोटो पाहतात, ‘माशाअल्लाह, किती सुंदर मस्जिद आहे!’ म्हणतात. ती कुणी रेखाटली, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

ह्या दोन्ही मस्जिदींच्या आराखड्यामागे एकाच माणसाचे नाव आहे : मोहम्मद सालेह मकिया. बगदादमध्ये 1914 साली जन्म आणि लंडनमध्ये 19 जुलै 2015 रोजी, वयाच्या 101व्या वर्षी इंतकाल. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांनी तीन कामे केली. इमारती उभारल्या, विद्यार्थी घडवले आणि जुन्या वास्तूंचा अभ्यास केला. वरवर पाहता ही तीन वेगवेगळी कामे वाटतात. मकियांच्या आयुष्यात ती एकमेकांवर उभी होती. जुने समजून घेतल्याशिवाय नवे नीट बांधता येत नाही, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर करून दाखवली. आज आपल्या गावोगावी जुन्या मस्जिदी उतरवून नव्या बांधल्या जात असताना ह्या माणसाची ओळख करून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

बगदादच्या गल्लीतला मुलगा

मकियांचा जन्म झाला तेव्हा इराक उस्मानी सल्तनतीचा भाग होता. ते तीन वर्षांचे असताना इंग्रज फौजा बगदादमध्ये शिरल्या आणि ते अठरा वर्षांचे झाले तेव्हा, 1932 साली, इराक स्वतंत्र देश झाला. त्यांचे बालपण जुन्या बगदादच्या सबाबीग अल-आल ह्या मोहल्ल्यात गेले. जवळच ‘सूक अल-गझल’ म्हणजे सुताचा बाजार होता आणि त्या बाजारावर एक जुना विटांचा मिनार उभा होता.

हा मिनार साधा नव्हता. अब्बासी खलिफांच्या महालाला लागून जी जामा मस्जिद होती, तिची ती शेवटची खूण. मूळ मस्जिद खलिफा अल-मुक्तफी यांच्या काळातली, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुरुवातीची. 1258 साली हुलागूच्या मोंगल फौजेने बगदाद उद्ध्वस्त केले, त्यात ही मस्जिदही गेली. पुढे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिनार पुन्हा उभारला गेला. अजान देण्याच्या सज्जाखाली विटांचेच नाजूक मुकर्नस काम, म्हणजे एकावर एक पुढे येणारे छोटे कोनाडे, आणि अंगावर विटांचीच नक्षी. शेकडो वर्षे बगदादची पोरे ह्या मिनाराच्या सावलीत खेळली. त्यांतलाच एक मोहम्मद होता.

लिव्हरपूलला गेले, शिकले आपल्या घराबद्दल

1935 साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून मकिया इंग्लंडला गेले. लिव्हरपूल विद्यापीठात त्यांनी वास्तुकलेची पदवी घेतली आणि पाठोपाठ नगररचनेची पदविका. तो महायुद्धाचा काळ होता, लिव्हरपूलवर जर्मन विमाने बॉम्ब टाकत होती. लिव्हरपूललाच मार्गारेट ह्या विद्यार्थिनीशी त्यांची ओळख झाली आणि पुढे त्या त्यांच्या पत्नी म्हणून बगदादला आल्या.

त्यानंतर मकिया केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले आणि 1946 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. विषय होता : भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशात हवामानाचा वास्तुकलेवर झालेला परिणाम. हा विषय नीट पाहण्यासारखा आहे. त्या काळी युरोपातून शिकून येणारे बहुतेक तरुण वास्तुकार काच, लोखंड आणि काँक्रीटची नवी शैली घेऊन परतत. मकिया ती शैली शिकले, पण त्यांनी प्रश्न वेगळा विचारला : आपल्या उन्हाळ्यात, आपल्या धुळीत, आपल्या पूर्वजांनी घरे अशीच का बांधली?

बगदादच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. वीज नव्हती, पंखा नव्हता, तेव्हा माणसे राहत कशी? याचे उत्तर जुन्या घराच्या रचनेत होते. मधोमध ‘होश’ म्हणजे मोकळा चौक. आपल्या वाड्यातल्या चौकासारखाच, पण रस्त्याकडच्या भिंती जवळपास बंद आणि सगळी दारे-खिडक्या चौकात उघडणाऱ्या. चौकाखाली किंवा कडेला ‘सरदाब’ म्हणजे तळघर. गच्चीवर वाऱ्याच्या दिशेने तोंड केलेला ‘बादगीर’. त्यात शिरलेला वारा जाड भिंतीतल्या पोकळीतून खाली उतरताना थंड होई आणि सरदाबात पोहोचे. दुपारी सारे कुटुंब सरदाबात विसावे, संध्याकाळी पाणी शिंपडलेल्या चौकात बसे आणि रात्री गच्चीवर झोपे. एकाच घरात ऊन फिरेल तशी माणसे जागा बदलत.

वरच्या मजल्यावर ‘शनाशील’ असत, म्हणजे गल्लीवर पुढे आलेले जाळीदार लाकडी सज्जे. त्यांची सावली गल्लीत चालणाऱ्यावर पडे आणि घरातल्या बायकांना आपण न दिसता बाहेरचे दिसे. हवा, उजेड, पडदा आणि शेजार, ह्या चारही गोष्टी एका लाकडी सज्जाने सांभाळल्या. असे घर मागासलेपणाची खूण कसे म्हणावे? त्यात कित्येक पिढ्यांचे इल्म साठलेले होते.

1946 साली मकिया बगदादला परतले, स्वतःचे कार्यालय उघडले आणि काही वर्षे नगरपालिकांच्या सरकारी खात्यातही काम केले. इराकमध्ये तेव्हा तेलाचा पैसा येऊ लागला होता. जुन्या मोहल्ल्यांतून रुंद सरळ रस्ते काढले जात होते. रस्त्याच्या रेषेत जे येईल ते पडत होते.

एकटा मिनार आणि नवी मस्जिद

सूक अल-गझलचा मिनारही अशाच एका नव्या मोठ्या रस्त्याच्या कडेला आला. शेजारची नंतरच्या काळातली मस्जिद रस्तारुंदीकरणात गेली आणि मिनार एकटाच उरला. वाहनांच्या गर्दीत उभा असलेला, शेकडो वर्षांचा, कोणत्याही मस्जिदीचा नसलेला मिनार.

1960 साली तिथे नवी मस्जिद बांधण्याचे काम मकियांकडे आले. ज्या मिनाराखाली ते लहानाचे मोठे झाले, त्याच्याच पायाशी. जागा अपुरी, आकार वेडावाकडा, एका बाजूला रहदारीचा रस्ता आणि बाकी बाजूंना जुना बाजार. त्यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते. मिनार पुराणवस्तूसारखा कुंपणात ठेवून त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि शेजारी चकचकीत नवी मस्जिद उभी करायची, हा एक. किंवा अब्बासी काळातली वाटावी अशी नक्कल बांधायची, हा दुसरा.

मकियांनी दोन्ही टाळले. त्यांनी मिनारालाच मस्जिदीचा मुख्य भाग मानले आणि नवे बांधकाम त्याच्या अवतीभवती, त्याच्या मापाने बसवले. नमाजाचे दालन अष्टकोनी. त्यावर साधारण 14 मीटर उंचीचा घुमट आणि त्यावर कूफी लिपीतली सजावट. मिनार सुमारे 34 मीटरचा, म्हणजे नवा घुमट त्याच्या निम्म्याहून कमी. नवे काम जुन्याच्या डोक्यावर चढणार नाही, याची ही काळजी. दालनाकडे नेणाऱ्या कमानींच्या ओळी अशा बसवल्या की चालणाऱ्याला अधूनमधून मिनार दिसत राहतो. विटा पिवळसर, जुन्या मिनाराच्या रंगाशी जुळणाऱ्या. सांगाडा मात्र आजच्या काळातला, काँक्रीटचा. कमानी जुन्या कमानींची आठवण देतात, पण त्या आज बांधल्या आहेत हे लपवत नाहीत.

‘जामे अल-खुलफा’ म्हणजे खलिफांची मस्जिद ह्या नावाने ही वास्तू 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात पुरी झाली. मस्जिद आकाराने मोठी नाही. तरी विसाव्या शतकातल्या मस्जिदींचा अभ्यास करणारे तिचा उल्लेख टाळू शकत नाहीत. जुन्याशी भांडण न करता आणि त्याची नक्कलही न करता नवे कसे बांधावे, याचा तो धडा आहे. मिनारालाही त्यामुळे पुन्हा काम मिळाले. सातशे वर्षांच्या त्या विटांखाली पुन्हा सफा लागल्या.

विद्यार्थ्यांच्या हाती मोजपट्टी

त्याच सुमारास मकियांनी दुसरे मोठे काम हाती घेतले. 1959 साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत बगदाद विद्यापीठात वास्तुकलेचा विभाग सुरू केला. इराकमधला हा पहिलाच. तोवर ज्याला वास्तुकार व्हायचे त्याला परदेशी जावे लागे. मकिया 1968पर्यंत ह्या विभागाचे प्रमुख होते.

ह्या विभागाचे वैशिष्ट्य असे की विद्यार्थ्यांना केवळ वर्गात बसवले जात नसे. त्यांना मोजपट्टी आणि कागद घेऊन जुन्या मोहल्ल्यांत पाठवले जाई. जुने घर निवडायचे, घरमालकाला सलाम करून परवानगी घ्यायची, चौक मोजायचा, भिंतीची जाडी मोजायची, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, शनाशीलची जाळी कागदावर उतरवायची. कालपर्यंत ज्या घराची लाज वाटत होती, त्याचा नकाशा काढताना मुलांना त्या घराची अक्कल कळू लागे. कोणती खोली उत्तरेला का, चौकातले झाड कुठे का, वारा कुठून येतो, हे सारे मोजताना समजते. नुसते पाहून समजत नाही.

शिकवण्यासाठी केलेल्या ह्या मोजमापांनी दुसरे कामही साधले. जी घरे पुढे रस्त्यांखाली, युद्धांत किंवा दुर्लक्षाने गेली, त्यांतल्या काहींचे रूप निदान कागदावर शिल्लक राहिले. बगदादचे इतिहास-संशोधक मुस्तफा जवाद आणि अहमद सूसा यांच्यासारख्या विद्वानांबरोबर मकियांनी आपल्या शहरावर एक मोठा सचित्र ग्रंथही तयार केला. शहराचा नकाशा शतकागणिक कसा बदलत गेला, हे त्यात मांडलेले आहे. एकीकडे बांधकाम चालू, दुसरीकडे वर्ग चालू आणि तिसरीकडे शहराचा शोध चालू. एका कामातून दुसऱ्याला खाऊ मिळत होता.

न उभारलेले विद्यापीठ

1960च्या दशकाच्या उत्तरार्धात इराकमधल्या काही विचारवंतांनी कूफ्यात विद्यापीठ काढण्याचे ठरवले. कूफा म्हणजे हजरत अली (रजि.) यांची राजधानी, आणि जिच्या नावाने कूफी लिपी ओळखली जाते ते शहर. सरकारच्या मदतीवर न राहता लोकांच्या वर्गणीतून हे विद्यापीठ उभे करायचे होते. आराखड्याचे काम मकियांकडे होते.

जुलै 1968 मध्ये बाथ पक्षाने सत्ता घेतली. लोकांनी स्वतंत्रपणे उभारलेली संस्था नव्या सत्तेला नको होती. जमीन गेली, जमलेला पैसा गेला आणि विद्यापीठ कागदावरच राहिले. मकियांच्या मनातून कूफा मात्र गेला नाही, हे पुढे दिसेलच.

वतन सुटले

1970च्या दशकाच्या सुरुवातीला मकियांना इराक सोडावा लागला. त्यांचे कार्यालय आधीच बहरीनमध्ये पोहोचले होते. तिथून ते आखातातल्या इतर शहरांत पसरले आणि घर लंडनला झाले. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, स्वतः स्थापन केलेला विभाग मागे राहिलेला, जन्माचे शहर मागे राहिलेले. हातात राहिले ते इतकी वर्षे गोळा केलेले ज्ञान. तेच त्यांनी आखातात वापरले.

ह्या आयुष्यात एक अवघड पानही आहे आणि ते लपवून चालणार नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला सद्दाम हुसेनच्या सरकारने बगदाद नव्याने सजवायला काढले आणि जगभरच्या वास्तुकारांना बोलावले. मकियांनाही बोलावणे आले. ते गेले. जुन्या बगदादसाठी काही करता येईल ही आशा होती आणि एका प्रचंड सरकारी मस्जिदीच्या स्पर्धेत त्यांनी आराखडाही दिला. ती मस्जिद कधी बांधली गेली नाही. त्याच काळात त्यांचे चिरंजीव कनान मकिया, तेही वास्तुकलाच शिकलेले, लंडनला त्याच राजवटीच्या जुलमांवर पुस्तक लिहीत होते. 1989 साली ते टोपणनावाने प्रसिद्ध झाले, कारण खरे नाव देणे जिवावर बेतले असते. वडील ज्या सरकारसाठी नकाशे काढत होते, मुलगा त्याच सरकारविरुद्ध साक्ष लिहीत होता.

ह्याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. पण ही गोष्ट आपल्याला काही सांगते. कवी कागदावर लिहून मोकळा होतो. वास्तुकाराला जमीन लागते, पैसा लागतो, परवाना लागतो आणि हे तिन्ही बहुधा सत्तेच्या हाती असतात. आपले शहर वाचवायचे तर कुणाच्या दारी जायचे आणि कुणाच्या दारी जायचे नाही, हा प्रश्न बापलेकांच्या मधोमध उभा राहिला. हुनर माणसाला मोठे करते, पण ते कुणाच्या कामी लावायचे ह्या प्रश्नातून सोडवत नाही.

कुवेत आणि मस्कत

कुवेतची मोठी मस्जिद 1986 साली नमाजासाठी खुली झाली. मुख्य दालन चौरस, एक बाजू 72 मीटरची, सुमारे दहा हजार नमाजी मावतील एवढे. घुमटाचा व्यास 26 मीटर आणि उंची 43 मीटर. एवढ्या मोठ्या दालनात माणूस हरवून जाण्याची भीती असते. चारही बाजूंच्या खिडक्यांतून गाळून येणारा उजेड आणि मधल्या घुमटाची ओढ यांमुळे नजर भरकटत नाही.

मस्कतच्या मस्जिदीसाठी 1993 साली स्पर्धा झाली. मकिया तेव्हा ऐंशीच्या घरात होते. लंडनच्या क्वाड डिझाइन ह्या संस्थेबरोबर त्यांचा आराखडा निवडला गेला. त्यानंतर बांधकामाला सुरुवात झाली आणि मे 2001 मध्ये सुलतान काबूस यांच्या हस्ते मस्जिद खुली झाली. पाच मिनार, त्यांतला मुख्य नव्वद मीटरच्या आसपास उंच. पुरुषांच्या मुख्य दालनात साडेसहा हजार नमाजी आणि बायकांसाठी साडेसातशे जणींचे स्वतंत्र दालन. सगळे अंगण आणि ओवऱ्या धरून वीस हजार माणसे एका वेळी नमाज पढू शकतात.

ह्या मस्जिदीचा दगड आपल्या देशातला आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे? सुमारे तीन लाख टन वालुकाश्म हिंदुस्थानातून जहाजांनी मस्कतला गेला. बाजूच्या लांब ओवऱ्यांतले कोनाडेही पाहण्यासारखे आहेत. इस्लामी जगातल्या वेगवेगळ्या प्रदेशांची कला त्यांत ओळीने मांडली आहे आणि त्यांत मोगल हिंदुस्थानचाही हिस्सा आहे. सुताच्या बाजाराजवळ वाढलेल्या मुलाने आयुष्यभर जे मोजले, जमवले, शिकवले, ते असे एका ओवरीत येऊन बसले. आता सुट्टीवर आलेल्या भावाला किंवा जावयाला विचारा, की त्या कोनाड्यांसमोरून तो कधी सावकाश चालला आहे का.

लंडनमधले कूफा

1980च्या दशकाच्या मध्यावर मकियांनी लंडनच्या वेस्टबोर्न ग्रोव्ह भागात एक कलादालन उघडले आणि त्याला नाव दिले ‘कूफा गॅलरी’. जे विद्यापीठ उभे राहू दिले गेले नाही, त्याचे नाव परक्या शहरातल्या एका दारावर लागले. तिथे प्रदर्शने होत, व्याख्याने होत, अरबी कविता वाचली जाई. इराकमधून परागंदा झालेले चित्रकार, लेखक, प्राध्यापक तिथे भेटत. 2006 साली ती बंद होईपर्यंत वतन सुटलेल्या कित्येकांची ती बैठक होती. विद्यार्थ्यांना शिकवणे सुटले होते, पण शिकवण्याची सवय सुटली नव्हती.

आपल्या गावच्या मस्जिदीचे काय?

आता आपल्याकडे वळू. कोकणात फिरताना अजूनही काही जुन्या मस्जिदी दिसतात. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी खांब, उतरते कौलारू छप्पर, समोर वजूचा हौद, हौदाकडेला एखादे झाड. घुमट नाही, उंच मिनारही नाही. मराठवाड्यात दगड-चुन्याच्या लहान मस्जिदी आहेत, कमानींच्या, बसक्या घुमटांच्या. खुलदाबाद आणि छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागांत तर पावलोपावली आहेत.

यांतल्या बऱ्याच उतरवल्या जात आहेत. कारणे खोटी नसतात. जमात वाढली, जुम्याला माणसे रस्त्यावर बसतात. छप्पर गळते, खांबाला वाळवी लागली. बायकांना नमाजासाठी जागा हवी. आखातातल्या भावांनी मनापासून पैसा पाठवला आहे. मग ठरते की जुनी पाडायची आणि काँक्रीटची बांधायची, वर घुमट आणि दोन मिनार. बऱ्याचदा नमुना म्हणून समोर ठेवलेला असतो तो मस्कतचा किंवा कुवेतचा फोटो!

इथेच मकियांची गोष्ट आपल्या उपयोगी पडते. ज्यांच्या मस्जिदीचा फोटो आपण नमुना म्हणून धरतो, त्यांनी स्वतः काय केले? त्यांनी मोकळ्या मैदानात मोठे बांधले. पण जिथे जुने काही उभे होते, तिथे त्याच्याभोवती, त्याच्या मापाने, त्याला मान देऊन बांधले. जांभ्याची भिंत आणि कौलाचे छप्पर कोकणच्या पावसाला आणि उकाड्याला दिलेले उत्तर आहे, जसे सरदाब आणि बादगीर बगदादच्या उन्हाला दिलेले उत्तर होते. सपाट स्लॅबखाली जूनमध्ये गळती आणि मेमध्ये भट्टी झाली, की मग पंखे आणि एसी लावावे लागतात. त्याचे बिल पुन्हा जमातच भरते.

जुने जसेच्या तसे ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. जागेची गरज खरी आहे आणि ती भागलीच पाहिजे. पण कुदळ लावण्याआधी मस्जिद कमिटीने चार गोष्टी कराव्यात :

1. मस्जिद आधी मोजा. लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, खांबांची उंची, हौदाचे माप. गावातली इंजिनीअरिंगची किंवा आर्किटेक्चरची मुले-मुली सुट्टीच्या दिवसांत हे काम करू शकतात. कोरीव खांब, जुना मिंबर, दरवाजे, शिलालेख यांचे फोटो घ्या. शिलालेख फारसी किंवा अरबी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या.

2. बुजुर्गांना विचारा. मस्जिद कुणी बांधली, दगड कुठून आला, कुणी जमीन दिली, हे दादा-दादींच्या आठवणीत असते. ते लिहून काढा, त्यांच्या हयातीतच.

3. पाडणे हा शेवटचा पर्याय ठेवा. जुने दालन दुरुस्त करून मागे किंवा बाजूला नवे जोडता येईल का, हे जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची माहिती असलेल्या वास्तुकाराला विचारा. कंत्राटदार बहुधा पाडायलाच सांगेल, कारण त्याला ते सोपे जाते. वाळवी लागलेला एक खांब बदलता येतो. त्यासाठी सगळे छप्पर उतरवावे लागतेच असे नाही.

4. कायदा पाहून घ्या. वास्तू संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. वक्फची नोंद असेल तर वक्फ बोर्डाकडेही चौकशी करा.

आणि आपली मुले?

दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनीअर, फार्मसी, कॉम्प्युटर एवढ्याच गोष्टी बोलल्या जातात. ज्या मुलाला किंवा मुलीला चित्र काढायला आवडते आणि गणितही जमते, त्यांच्यासाठी वास्तुकला हा उत्तम मार्ग आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, त्यानंतर ‘नाटा’ ही प्रवेशपरीक्षा आणि पाच वर्षांचा बी.आर्क. अभ्यासक्रम. मुंबईचे सर जे. जे. कॉलेज ऑफ आर्किटेक्चर हे देशातल्या जुन्या नामांकित कॉलेजांपैकी एक आहे. पुढे जुन्या वास्तूंच्या जतनाचे शिक्षण घ्यायचे असेल तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत.

मुलींसाठी तर ह्या क्षेत्रात खास जागा आहे. जुन्या घरांत, जनान्यात, स्वयंपाकघरांत जाऊन बायकांशी बोलून घर समजून घेणे पुरुष वास्तुकाराला जमत नाही, ते मुलीला सहज जमते. मस्जिदीत बायकांची नमाजाची जागा कशी असावी, जिना कुठून यावा, वजूची सोय कशी असावी, हेही एखादी मुलगीच अधिक नेमके सांगू शकेल.

मकियांना आयुष्यात बरेच काही मिळाले नाही. कूफ्याचे विद्यापीठ उभे राहिले नाही, बगदादची मोठी मस्जिद झाली नाही, वतनात म्हातारपण काढता आले नाही. तरी त्यांनी मोजलेले, शिकवलेले आणि बांधलेले मागे राहिले. आपल्या गावची मस्जिद दोनशे वर्षांची असो की साठ वर्षांची, ती कुणीतरी हलाल कमाईतून, पाऊस आणि ऊन ओळखून बांधली होती. ती मोजायला एक मोजपट्टी, एक वही आणि एक रविवार पुरतो. येत्या रविवारी असरच्या नमाजानंतर मोहल्ल्यातल्या पाच-सहा मुलामुलींना घेऊन सुरुवात करा. अल्लाह ह्या कामात बरकत देवो. आमीन.